हातचा

जाड पुस्तक उचललं ते अडाणीपणानं.
वाटलं, वजनावर असेल:
जितकी पानं, तितके दिवस माफ.
वरच्या बंकवरून झुलैदी हसली,
"अगं, पातळ असो नाहीतर विटेएवढं,
एका पुस्तकाला चारच दिवस सुटतात.
माझं बघ, नव्वद पानी. तेही चित्रं धरून."

पण वाल्देनिसीबाईंनी रजिस्टरात लिहून टाकलं होतं:
इरासिल्दा, कोठडी नऊ, पानं दोनशे अठ्ठ्याऐंशी.
शाई वाळली होती.

मग बसले मांडायला.
एक पान, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत,
सात मिनिटं.
घड्याळ नाही इथे. टाकीचा पंप सुरू होऊन
बंद पडतो तेवढा वेळ,
आणि तो सात मिनिटांचा, हे सगळ्याजणींना पाठ.
दोनशे अठ्ठ्याऐंशी साती दोन हजार सोळा.
भागिले साठ. तेहतीस तास, वर छत्तीस मिनिटं.
संध्याकाळची मोजणी झाली की दिवा जाईपर्यंत
दीड तास माझा.
म्हणजे साडेबावीस दिवस.
मुदत तीस. मग दहा दिवस,
काय समजलं ते लिहून द्यायला.
साबणाच्या तुकड्यानं भिंतीवर आकडे मांडले.
आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी शिल्लक निघत होतं.

सुटका सतरा ऑक्टोबरला.
जोएल्सनला सोळावं लागतं पंधराला.
सतरातून चार गेले, तेरा.
तेराला फाटक, चौदाला फोर्तालेझाहून रात्रीची बस,
पंधराला उजाडताना मी त्याच्या दारात,
काजूची बोंडं नुकती पिकायला लागलेली.
एवढ्यासाठी हे पुस्तक. गोष्टीशी मला काय करायचंय?

पहिले दहा दिवस गाडी रुळावर.
शंभराव्या पानापाशी तर बोट आपोआप उचललं गेलं,
पंप बंद पडायच्या आत पान उलटायचं.
झुलैदीचं कधीच वाचून झालं होतं, ती घोरत होती.

अकराव्या दिवशी पान एकशे एक्केचाळीस.
एक बाई पायरीवर बसून कसाव्याचं पीठ चाळते.
गोष्टीत तिचं काही काम नाही. नावसुद्धा नाही.
नायक रस्त्यानं जातो, त्याला ती दिसते,
कोणाची तरी वाट बघते आहे असं त्याला वाटतं.
लिहिणाऱ्यानं तिला चार ओळी दिल्या
आणि तो पुढे गेला.

मला जाता येईना.
पंप सुरू झाला, बंद झाला. पुन्हा सुरू.
दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पान.
पीठ तिच्या गुडघ्यावर सांडलं असेल का,
हे त्यानं लिहिलेलं नाही.
कोण यायचं होतं, तेही नाही.
तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी.
पाचव्या दिवशी झुलैदी म्हणाली, "अडकलीस?
अवघड शब्द आहे का?"
म्हटलं, नाही, सगळे सोपे आहेत.

भिंतीवरचं पुसून पुन्हा मांडलं.
उरली एकशे सत्तेचाळीस पानं, साडेअकरा दिवस.
बसतंय. जेमतेम, पण मुदतीत बसतंय.
फक्त हे पाच दिवस कुठे लिहायचे ते कळेना.
ना वाचलेल्या पानांत धरता येतात, ना उरलेल्यांत.

दुसरीपर्यंतच शिकले मी. तिथल्या बाई म्हणायच्या,
हातचा बोटावर धरून ठेवा.
उत्तराखाली तो कुठे लिहायचा नसतो,
पण सोडलात की सगळं चुकलं.

आज पान एकशे बेचाळीस.
नायक गावाबाहेर पोचला, पाऊलवाट संपली.
उजवं बोट ओळीखाली सरकतंय.
डाव्या हाताची करंगळी
मी मिटून धरली आहे.